कुष्ठरोगाचा नकाशा, सोलापूर जिल्हा : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

जिल्ह्यात नोंदवलेल्या कुष्ठरुग्णांची यादी हाती आली. नाव, फोन, घरचा पत्ता सगळं आधीच वगळलेलं आहे. उरलेले रकाने असे: गाव किंवा शहरातला भाग, तालुका, वयोगट, स्त्री की पुरुष, पीबी की एमबी (पॉसिबॅसिलरी, मल्टिबॅसिलरी: आजाराचे दोन प्रकार), विकृतीची श्रेणी, नोंदणीचं वर्ष. आपल्या कामाला एवढं पुरे.

विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवते. अंगावर पाचपर्यंत चट्टे असतील तर पीबी, औषध ६ महिने. त्याहून जास्त असतील तर एमबी, औषध १२ महिने. एमएस्सीच्या या दोघांची या आजाराशी ओळख देवळाबाहेर बसणाऱ्या जुन्या रुग्णांपलीकडे नव्हती. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, ते सुरू झालं की संसर्ग लवकरच थांबतो आणि वेळेत आलेला माणूस कसलंही व्यंग न राहता बरा होतो, हे ऐकून दोघंही चकित झाले.

प्रश्न असा ठरवला: जिल्ह्यात कुठे रुग्ण जास्त, कुठे कमी, आणि त्या फरकातला खरा किती, योगायोगाचा किती?

एक नियमही आजच ठरवला. बाहेर जाणाऱ्या कुठल्याही नकाशावर गावाचं नाव नसेल. १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांत होतं, ते २०१९ मध्ये निघालं. कागदावरून गेलं तरी गावाच्या तोंडून इतक्या लवकर जात नाही. एकच रुग्ण असलेल्या गावावर लाल ठिपका ठेवणं म्हणजे एका घराकडे बोट दाखवणं.

१२ जून

गावं जुळवण्यात दिवस गेला. कासेगाव पंढरपूर तालुक्यात आहे, तसंच दक्षिण सोलापुरातही आहे. दारफळ माढ्यात, बीबीदारफळ उत्तर सोलापुरात. वांगी दक्षिण सोलापुरात, शिवाय करमाळ्यात वांगी क्रमांक १, २, ३. यादीत नुसतं 'वांगी' असेल तर तालुक्याचा रकाना बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि करमाळ्यातली वांगी असेल तर आरोग्य उपकेंद्राला विचारल्याशिवाय नाही.

वाड्यावस्त्यांचं नाव जनगणनेत सापडत नाही, त्या मूळ गावात धरल्या.

१६ जून

आज जनगणनेची अधिसूचना निघाली. संदर्भतारीख १ मार्च २०२७. आपल्या कामासाठी तोवर थांबता येणार नाही, म्हणजे रुग्णांचा दर काढताना छेदात अजून २०११ च्या लोकसंख्येचेच आकडे: जिल्हा ४३,१७,७५६, त्यातलं सोलापूर शहर ९,५१,५५८.

सगळीकडे सरसकट वाढ धरली तर चालेल का, असं विद्यार्थ्याने विचारलं. बहुतेक तालुक्यांत चालेल. कुंभारीत अजिबात चालणार नाही. विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये झाली, ती २०११ च्या मोजणीत आलेली आहे. पण त्याच कुंभारीतल्या रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरांचा ताबा देण्यात आला. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे यांची ती घरं. घरामागे चार माणसं धरली तर ६० हजार होतात. अख्ख्या दक्षिण सोलापूर तालुक्याची २०११ ची लोकसंख्या २,६०,८९७. म्हणजे एका वसाहतीने तालुक्याची जवळपास पाव लोकसंख्या वाढू शकते, आणि ही माणसं आली शहरातून, शहराच्या छेदातून वजा होऊन.

हे सोडून दिलं तर दक्षिण सोलापुरात कुष्ठरोग वाढल्याचं चित्र दिसेल आणि शहरात घटल्याचं. आजार होता तिथेच असेल, माणसं मात्र टेम्पोत सामान भरून पलीकडे गेलेली. किती घरांत खरंच राहायला आले, हे तिथल्या आशांच्या कुटुंब सर्वेक्षणातून घ्यायचं ठरलं.

१९ जून

तालुक्यांचा पहिला नकाशा काढला. अकरा तालुके, अकरा रंग. दिसायला छान आणि उपयोगाला कमी.

उत्तर सोलापूर तालुक्याचे १०,५७,३५२ लोक, त्यातले ९० टक्के शहरातले. म्हणजे उत्तर सोलापूरचा रंग हा शहराचाच रंग, आणि मार्डी, वडाळ्याकडच्या लाखभर लोकांबद्दल तो काहीच सांगत नाही. उलट मंगळवेढा सगळा मिळून २,०५,९३२. दोन्ही तुकडे नकाशावर सारख्याच तोऱ्यात बसलेले.

शेजारचे तालुके एकमेकांसारखे आहेत का हे पाहायला मोरानचा निर्देशांक काढला. इथे एक बारकावा विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवला. काहीच संबंध नसताना हा निर्देशांक शून्य यावा असं वाटतं, पण त्याची अपेक्षित किंमत उणे १ भागिले (n–१) असते, n म्हणजे नकाशावरच्या तुकड्यांची संख्या. अकरा तालुक्यांना ती उणे ०.१ येते. तेव्हा शून्याच्या किंचित वर आलेला आकडा पाहून हुरळून जायचं नाही, आणि खाली आला म्हणून शेजारी विरुद्ध आहेत असंही म्हणायचं नाही. मुळात अकरा तुकड्यांवरून शेजाराबद्दल बोलणं धाडसाचंच आहे. उपकेंद्राच्या पातळीवर उतरायचं.

२५ जून

गावपातळीचे कच्चे दर (रुग्ण भागिले लोकसंख्या, लाखामागे) काढले आणि नकाशा कांजिण्या आल्यासारखा दिसायला लागला. लाल आणि पांढरा, मधलं काही नाही. विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, हे हॉटस्पॉट धरायचे?"

उत्तर हिशेबातच आहे. खरे आकडे बाजूला ठेवून सोपं उदाहरण घेऊ. समजा सगळीकडे धोका अगदी सारखा, वर्षाला लाखात १० नवे रुग्ण. २,००० वस्तीच्या गावात अपेक्षित रुग्ण ०.२. पॉयसाँच्या संभाव्यतेच्या सूत्रानुसार अशा गावात एकही रुग्ण न सापडण्याची शक्यता ८२ टक्के, निदान एक सापडण्याची १८ टक्के. अशी हजार गावं असतील तर सुमारे १८० गावांत रुग्ण दिसतील आणि सतरा-अठरा गावांत दोन किंवा जास्त. एक रुग्ण सापडलेल्या गावाचा दर लगेच लाखात ५०, म्हणजे सरासरीच्या पाचपट. दोन सापडले की दहापट. धोका सगळीकडे सारखा असतानाही नकाशा लाल-पांढराच दिसणार.

या कांजिण्यांतले बरेचसे फोड योगायोगाचे आहेत. कुठले नाहीत, हे शोधणं हेच काम.

१ जुलै

पालख्या जिल्ह्यात आल्या. पंढरपूर, माळशिरस, माढ्यातली आरोग्याची सगळी माणसं वारीच्या ड्युटीवर. ६ तारखेची एकादशी आणि पुढचा काला होईपर्यंत तिकडे कुणाला फोन करायचा नाही.

९ जुलै

आज दक्षिण सोलापुरातल्या एका गावात गेलो. बरोबर निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ काका होते. आम्हाला आकडे कसे जन्माला येतात ते बघायचं होतं.

एका माणसाने तपासणी बघू द्यायला होकार दिला. दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा. काकांनी त्याला अंगणात उजेडात बसवलं, कारण घरातल्या अंधारात असा चट्टा दिसतच नाही. आधी त्याच्या उघड्या डोळ्यांसमोर पेनाचं टोक हातावर हलकं टेकवून दाखवलं: असं लागलं की बोट ठेवायचं. मग डोळे मिटायला सांगितले. टोक मनगटाला लागलं, त्याने मनगटावर बोट ठेवलं. दंडाच्या चांगल्या भागाला लागलं, तिथे बोट. चट्ट्याच्या मधोमध टेकवलं आणि तो तसाच वाट बघत बसला. "लावा की," म्हणाला. काकांनी पेन खाली ठेवलं आणि त्याचा कोपर हातात घेतला. हाडाच्या खाचेतली नस चाचपली, दुसऱ्या हाताची चाचपली, दोन्हींची जाडी मनाशी ताडून बघितली. मग त्याच्याशी हळू आवाजात बोलले: हा आजार बरा होतो, घर सोडायची गरज नाही, ताटवाटी वेगळी करायची नाही.

यादीतली एक ओळ अशी तयार होते. कुणीतरी उजेडात बसवून बघितलं म्हणून.

आशाताईंशी बोलणं झालं. घरोघरच्या शोधमोहिमेत बायांना आशा तपासते, पुरुषांना पुरुष स्वयंसेवक. सकाळी दारात जावं तर पुरुष रानात नाहीतर शहरात कामावर. बाया पाठ दाखवायला तयार होतात, पण घरात सासरा, दीर असले की मांडी, कंबर राहून जाते. सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी माणसं. विचारणाऱ्याला ती भाषा येत नसेल तर घर 'तपासलं' म्हणून नोंद होते आणि माणूस तसाच राहतो.

माझ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. छेदात गावाची लोकसंख्या घालून भागणार नाही. खरोखर तपासलेली माणसं, स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे, असा रकाना जोडायचा. मिळेल तिथे मोहिमेच्या अहवालातून.

१५ जुलै

एम्पिरिकल बेझ पद्धतीने दर गुळगुळीत केले. काका मुद्दाम आले होते. त्यांना समजेल असं सांगता आलं नाही तर पद्धत वापरायची नाही, असं मी ठरवलंच होतं.

त्यांच्यासमोर मांडलेलं उदाहरण असं. जिल्ह्याची सरासरी लाखात १०, आणि त्या माहितीला २०,००० माणसांतले २ रुग्ण एवढं वजन द्यायचं. गावाची आपली माहिती त्यात मिसळायची. २,००० वस्तीत १ रुग्ण असेल तर कच्चा दर ५०, मिसळल्यावर २२,००० मध्ये ३, म्हणजे १३.६. एकही रुग्ण नसलेलं तेवढंच गाव शून्यावरून ९.१ वर येतं. शहरातला ५० हजारांचा भाग, १० रुग्ण, कच्चा दर २०, मिसळल्यावर १७.१. मोठ्या वस्तीचा आकडा फारसा हलत नाही, छोट्या गावाचा सरासरीकडे बराच ओढला जातो. प्रत्यक्ष कामात वजन आपण मनाने ठरवत नाही, सगळ्या गावांच्या आकड्यांतूनच ते काढलं जातं.

काकांनी दोन शंका काढल्या आणि दोन्ही मोलाच्या होत्या. पहिली: "तीन रुग्ण सापडलेलं माझं गाव तुम्ही असं सपाट करून टाकलं तर तिथे कोण जाणार?" खरं आहे. २,००० वस्तीत ३ रुग्ण म्हणजे कच्चा दर १५०, गुळगुळीत केल्यावर २२.७. लाल रंग फिका पडतो. दुसरी: "आणि शून्याच्या गावात रुग्ण नाहीच, असं तुमचं गणित म्हणतं का?"

दोन्हींवर एकच तोडगा आहे. दर रंगवायचाच नाही. त्याऐवजी 'या गावाचा खरा दर जिल्ह्याच्या सरासरीहून जास्त असण्याची शक्यता किती' हे रंगवायचं. वरच्याच उदाहरणात ३ रुग्णांच्या गावाला ही शक्यता ९३ टक्के येते, १ रुग्णाच्या गावाला ६२, आणि शून्य रुग्णांच्या गावाला ३५. काका त्या पस्तिसावर बराच वेळ थांबले. म्हणाले, "हे बरोबर वाटतं. मी तीस वर्षं हेच सांगत होतो, फक्त आकडा नव्हता."

माझंही मत पक्कं झालं. आपल्या नकाशात पांढरा रंग असणार नाही.

२१ जुलै

वर्षवार तुलना मागितली गेली आहे. द्यायची, पण सांभाळून. कुष्ठरोगाचा जीवाणू १८७३ मध्ये हॅन्सन यांना दिसला, बहुविध औषधोपचार आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९८३ पासून आला, आणि डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण ही पातळी गाठली. ते मोठं यश होतं. पण ती देशाची सरासरी होती आणि तिच्या पाठोपाठ शोधही मंदावला. २०१६ पासून घरोघरची शोधमोहीम सुरू झाली तेव्हा आकडे वर गेले. २०२० मध्ये कोविडमुळे जगभरातच नव्या रुग्णांची नोंद आदल्या वर्षाच्या मानाने ३७ टक्क्यांनी घटली. त्या वर्षी आजाराने सुट्टी घेतलेली नव्हती.

त्यात अधिशयनकाळ, म्हणजे बाधा झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, सरासरी ५ वर्षं, कधी २० किंवा त्याहून जास्त. यंदा नोंदवलेला रुग्ण कधी आणि कुठे बाधित झाला हे यादी सांगत नाही. वर्षाचा रकाना हा 'सापडल्याचं वर्ष' म्हणून वाचायचा, आणि नकाशाखाली तसंच लिहायचं.

३० जुलै

अक्कलकोटची अडचण. जिल्ह्याच्या आतला त्याचा शेजारी दक्षिण सोलापूर, बाकी हद्द धाराशिव आणि कर्नाटकाला लागलेली. आपल्या फाइलमध्ये कलबुर्गीची गावं नाहीत, म्हणून गणिताला दुधनीच्या पलीकडे समुद्र दिसतो. लग्नं, बाजार, दवाखाना सगळं हद्दीच्या दोन्ही बाजूंनी चालतं. सीमेवरच्या उपकेंद्रांना नकाशावर तिरप्या रेघा मारल्या: इथला अंदाज अपुऱ्या शेजाऱ्यांवरून काढलेला आहे. सांगोला, करमाळा, बार्शीच्या कडांनाही तेच. कलबुर्गीकडच्या तालुक्यांचे एकत्रित आकडे मागणारं पत्र पाठवलं.

८ ऑगस्ट

आजचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

यादीत दोन रकाने असे आहेत की ते शोधाच्या ढिलाईबद्दल स्वतःच बोलतात. एक, श्रेणी २ विकृती: वाकलेली बोटं, लुळा पाय, न बुजणारी जखम, न मिटणारा डोळा. अशी विकृती घेऊन रुग्ण पहिल्यांदाच नोंदला जातो, तेव्हा आजार अंगात बहुधा बराच काळ होता आणि तो वेळेत ओळखला गेला नाही. दोन, चौदा वर्षांपर्यंतची मुलं. मूल बाधित आहे म्हणजे अलीकडच्या काळात जवळपास कुणीतरी औषध न घेतलेला रुग्ण आहे.

म्हणून उपकेंद्रांची विभागणी अशी केली. रुग्ण जास्त, विकृती कमी: इथे शोध चांगला चालू आहे, जास्त आकड्याबद्दल इथल्या कर्मचाऱ्यांना बोल लावायचा नाही, शाबासकी द्यायची. रुग्ण कमी, पण सापडले त्यांच्यात विकृती किंवा मुलं: इथे आधी जायचं. रुग्ण नाहीत आणि तपासलेली माणसंही कमी: इथेही जायचं. रुग्ण नाहीत, पण तपासणी भरपूर: या शून्यावर विश्वास ठेवता येतो. कच्च्या नकाशात शेवटच्या दोन्ही जागा एकाच पांढऱ्या रंगात होत्या.

श्रेणी २ चे आकडे बघताना एक मावशी डोळ्यांपुढे येतात. गेल्या महिन्यात काकांबरोबर त्यांच्या घरी गेलो होतो. उजव्या तळहाताला, बोटांच्या मुळाशी तव्याचे जुने चटके, एकावर एक. ज्वारीची भाकरी हाताने उलटायची, हाताला भाजलेलं कळायचं नाही, वास आला की कळायचं. विड्या वळतानाही करंगळी आत वळून बसलेली. चट्टा आठ-नऊ वर्षांपूर्वीच आला होता म्हणाल्या, खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कुणाला दाखवला नाही. त्या वर्षांत कुणी दारात येऊन विचारलं असतं तर हा हात वाचला असता. त्या आमच्या फाइलमधली एक नोंद आहेत, आणि त्यांच्या उपकेंद्राला कच्च्या नकाशावर फिका, निवांत रंग होता.

२० ऑगस्ट

कुलडॉर्फ यांची अवकाशीय स्कॅन पद्धत चालवली. नकाशावर वर्तुळं फिरवत जायचं, आतला आणि बाहेरचा धोका ताडायचा. वर्तुळ जास्तीत जास्त अर्ध्या लोकसंख्येएवढं मोठं होऊ देण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे तसं केलं तर गोंधळ, कारण जिल्ह्याचे २२ टक्के लोक एकट्या शहरात. शहर पोटात घेतलेलं वर्तुळ आजूबाजूची गावंही गिळतं. मर्यादा खाली आणली आणि शहर, ग्रामीण वेगवेगळं चालवलं. त्यानंतर उरलेले छोटे समूह काकांनी ओळखले. दोन जागी तर ते म्हणाले, "इथे एकाच गल्लीतली, नात्यातली माणसं आहेत."

हे उपयोगाचं आहे. रुग्णाच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना आजार टाळण्यासाठी रिफॅम्पिसिन या औषधाचा एक डोस देण्याचं धोरण आपल्याकडे आहे, आणि बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत त्याने पहिल्या २ वर्षांत संपर्कातल्या माणसांमधले नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी झाले होते. समूह दिसला तर तो डोस किती घरांपर्यंत न्यायचा हे ठरवता येतं. गल्ली कुठली हे मात्र आरोग्य केंद्रातच राहील, आमच्या फाइलमध्ये येणार नाही.

२ सप्टेंबर

नकाशे सुपूर्द केले. एक दराच्या शक्यतेचा, एक तपासणी किती झाली त्याचा, आणि दोन्हींवरून काढलेली उपकेंद्रांची क्रमवार यादी. बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला: सगळ्यात वाईट तालुका कुठला? मी तालुक्यांचं नाव घेतलं नाही. यादीतली पहिली पंधरा उपकेंद्रं वाचून दाखवली, प्रत्येकासमोर कारण: तपासलेले पुरुष कमी, विकृतीसह नोंद, लहान मूल, हद्दीवरचं गाव. ती पंधरा सहा तालुक्यांत विखुरलेली आहेत.

तारखांवर बराच वेळ चर्चा झाली. आमचं म्हणणं असं की ही फेरी गळीत हंगामाआधी व्हावी. ऑक्टोबर संपता संपता दुष्काळी पट्ट्यातली कुटुंबं तोडीला बाहेर पडतात आणि बाहेरच्या टोळ्या जिल्ह्यात कारखान्यांवर उतरतात. मग तपासलेल्यांचा रकाना पुन्हा अर्धा राहील. टोळ्यांच्या तळांवर डिसेंबरात वेगळी तपासणी घ्यायची सूचना मान्य झाली. यंत्रमागाच्या भागात संध्याकाळच्या पाळीनंतर जायचं, तेलुगू बोलणारी आशा बरोबर घ्यायची.

विद्यार्थिनीने फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला आहे: 'उजेडात तपासलं का'. काकांनी तो वरून तिसऱ्या ओळीत घ्यायला सांगितला.